व्हॅनचा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला म्हणतात : नवा घ्यावा, कुर्ल्याचा जुना, की दुरुस्ती?

पोळीभाजी_भांडुप

नमस्कार. भांडुप पश्चिमेला माझं पोळीभाजी केंद्र आहे. दुपारचे डबे पवई, साकीनाका आणि सीप्झला जातात. त्यासाठी २०१६ ची पेट्रोल व्हॅन आहे, सीएनजी किट बाहेरून बसवलेलं. साडेदहाला डबे निघाले नाहीत तर सगळा दिवस विस्कटतो.

जुलैतल्या मोठ्या पावसानंतर गाडी बिघडली. आधी झटके मारायला लागली, पिकअप नाही, जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) चढावर दुसऱ्या गिअरलाही ओढेना. चेक लाइट कधी स्थिर लागायचा, कधी लुकलुकायचा. मग चालता चालता बंद पडायला लागली. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा एका सेल्फला चालू. गॅसवर असो की पेट्रोलवर, तेच. ड्रायव्हरच्या एक लक्षात आलंय : बंद पडल्यावर चावी ऑन केली की बॅटरीचा, ऑइलचा दिवा लागतो, पण इंजिनचा पिवळा दिवा लागतच नाही.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. एकदा पी०३५२ असा कोड आला. दुसऱ्यांदा स्कॅनर गाडीशी कनेक्टच होईना. तो म्हणाला, ईसीएम गेला. कंपनीचा नवा ३८,००० ला, कुर्ल्यातून जुना ९,००० ला, नाहीतर बोर्ड उघडून दुरुस्ती ६,००० ला, पण त्याची गॅरंटी नाही. नवा घातला तर चावीचं कोडिंग शोरूमला करावं लागेल म्हणे.

जुना ईसीएम आणून बसवला तर गाडी चालू होईल का? गॅस किटचा कॉम्प्युटर वेगळा असतो, तोही बदलावा लागेल का? गाडीचा हप्ता चालू आहे आणि वर भाड्याच्या टेम्पोचे पैसे रोज जाताहेत. तरी घाईघाईत चुकीच्या ठिकाणी पैसे घालायचे नाहीत. ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सांगावं.

टेम्पो_विक्रोळी

ताई, कुर्ल्याला सीएसटी रोडला जा. जुना ईसीएम सोबत न्या, स्टिकरवरचा नंबर जुळवून घ्या. कपलर (वायरिंगचा प्लग) काढायचा, लावायचा, झालं. माझ्या आधीच्या टेम्पोला असाच घातला होता, लगेच चालू झाला आणि टेम्पो विकेपर्यंत चालला. ३८,००० कशाला घालता?

ऑटोवायरमन_मुलुंड

ताई, अजून कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका. मी मुलुंड चेकनाक्याजवळ गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. "ईसीएम गेला" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांत ईसीएम शाबूत असतो.

तुमच्या ड्रायव्हरने पिवळ्या दिव्याचं जे हेरलंय ते फार कामाचं आहे. चावी ऑन केल्यावर तो दिवा ईसीएम लावतो. दिवा नाही आणि त्याच वेळी स्कॅनरही कनेक्ट होत नाही, म्हणजे त्या क्षणी ईसीएम जागाच नाही. तो खरंच मेला असेल, किंवा त्याला करंट पोचत नसेल, किंवा अर्थिंग तुटत असेल, किंवा सेन्सरना जी पाच व्होल्टची लाइन जाते ती कुठेतरी शॉर्ट होऊन त्याला खाली बसवत असेल. यातली पहिली गोष्ट सोडली तर बाकी सगळा दोष ईसीएमच्या बाहेर आहे. तिथे नवा डबा घातला तरी गाडी तशीच बंद पडणार.

आता करंट कसा तपासायचा ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेक जण फसतात. मल्टीमीटरने १२ व्होल्ट दाखवले की मेकॅनिक म्हणतो, सप्लाय आहे. पण वायर आतून कुजली आणि एकच बारीक तार शिल्लक राहिली तरी मीटर बारा दाखवतो. नळाला धार दिसते पण बादली काही भरत नाही, तसं ते. म्हणून लोड टाकून बघायचं. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब घ्या, तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. ईसीएमच्या कपलरमध्ये सप्लायच्या पिना असतात : एक कायमची, एक चावीची, एक-दोन मेन रिलेमधून येणाऱ्या. प्रत्येकीवर बल्ब लावा, तो लख्ख पेटला पाहिजे. मंद पेटला तर वायर, फ्यूजचा खाचा नाहीतर रिलेचा बेस बघायचा. पिन मागच्या बाजूने टोचायची. पुढून जाड सुई खुपसली की पिनेचं तोंड फाकतं आणि मग नवाच आजार सुरू होतो.

अर्थिंगसाठी मीटरची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल वायर ईसीएमच्या अर्थ पिनेवर. चावी ऑन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टच्या आत असलं पाहिजे. जास्त आलं तर अर्थचा बोल्ट खोला, खालचा रंग आणि गंज घासून काढा.

पाच व्होल्टची लाइन बसली असेल तर सेन्सरचे कपलर एकेक करून काढत जायचं. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, दोष त्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा.

तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय गॅस किटच्या जोडांवर आहे. बाहेरून किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरींमध्ये जोड द्यावे लागतात, शिवाय किटला चावीचा करंट आणि अर्थिंग हवं असतं. फिटर हाताला येईल त्या वायरीतून ते उचलतो. सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवल्यावर घट्ट बसणारी नळी) चढवलं असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. नुसतं पिळून काळी टेप गुंडाळली असेल तर पावसाळ्यात टेपखाली पाणी शिरतं आणि तांबं आतून हिरवं पडतं. टेप न काढता ते दिसत नाही.

गॅसचा कॉम्प्युटर वेगळा असतो, तो बदलू नका. सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या ईसीएमचा इंजेक्टरला जाणारा सिग्नल वाचतं आणि त्यावरून गॅस किती वेळ सोडायचा ते ठरवतं. म्हणून पेट्रोलचा ईसीएम झोपला की गॅसही बंद. दोन्हीवर तेच होतंय ते त्यामुळे.

आता झटक्यांचं. पी०३५२ म्हणजे दुसऱ्या कॉइलच्या (स्पार्क प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या) प्रायमरी सर्किटचा दोष. मला वाटतं, गाडीत दोन वेगळे दोष एकाच वेळी आहेत. गॅरेजमध्ये लगेच कॉइलची अदलाबदल करतात, दोनची तीनवर टाकून कोड सरकतो का बघतात. युक्ती चांगली आहे, पण आधी ओहम मोजल्याशिवाय ती करू देऊ नका. कॉइल दोन पिनांची असेल तर तिला चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर ईसीएमच्या आत असतो. कॉइल आतून शॉर्ट असेल तर तिने दोन नंबरचा ट्रान्झिस्टर जाळला असू शकतो, आणि तीनवर बसवलीत तर तीनचाही जाळेल. चारही कॉइली मोजा, आकडे जवळपास सारखे हवेत. आकडा लहान असतो, म्हणून मीटरच्या दोन्ही वायरी आधी एकमेकींना लावा, जे येईल ते वजा करा. तीन किंवा चार पिनांची कॉइल असेल तर ही मोजणी चालत नाही, तसं असेल तर सांगा.

आणि चेक लाइट लुकलुकत असताना गाडी ओढू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून आतून वितळतो. मग पीयूसीही मिळत नाही आणि तो खर्च वेगळाच.

विक्रोळीच्या दादांनी सांगितलेलं इमोबिलायझर (चावीची चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीला बरोबर आहे. तुमच्या चावीत चिप असणार. त्याचं पुढे बघू, आधी ही तपासणी होऊ द्या.

पोळीभाजी_भांडुप

दादा, तुमचं उत्तर प्रिंट काढून दुसऱ्या एका वायरमनकडे नेलं. त्याने मनापासून काम केलं आणि मी समोर उभी राहून सगळं बघितलं.

ईसीएमच्या अर्थ पिनेवर ०.९ व्होल्ट आले. बोल्टखाली गंजाचा थरच होता. आणि गॅस किटचा करंट खरंच मेन रिलेच्या वायरीतून उचललेला निघाला, पिळून टेप मारलेला. टेप सोडवली तर आत तांब्याऐवजी हिरवी पूड, हात लावताच तार तुटली. ती वायर नवी घालून सोल्डर केली, किटचा करंट वेगळ्या फ्यूजमधून दिला, बोल्ट घासून त्यावर ग्रीस लावलं. तेव्हापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. पिवळा दिवा चावीबरोबर लागतो, इंजिन चालू झालं की विझतो, आणि स्कॅनर दर वेळी कनेक्ट होतो.

झटके मात्र आहेत, आणि थोड्या वेळाने दिवा परत लागतो. कॉइली दोन पिनांच्या आहेत. मीटरच्या वायरींचा आकडा वजा करून तीन कॉइली ०.८ ते ०.९ आल्या, दोन नंबरची ०.३. ती काढून नवी घातली. तरी पी०३५२ जात नाही. कपलरपासून कॉइलपर्यंतची वायर तपासली, ती शाबूत आहे. मग ईसीएमचं झाकण उघडलं. आत कपलरच्या कोपऱ्यात ओल आणि हिरवट डाग आहेत. म्हणजे शेवटी ईसीएम गेलाच ना?

ऑटोवायरमन_मुलुंड

हो ताई, आता म्हणता येईल. करंट आहे, अर्थिंग आहे, वायर शाबूत, कॉइल नवी आणि तरी दोन नंबरला पल्स येत नाही. शॉर्ट कॉइलने आतला ट्रान्झिस्टर नेला. फरक एवढाच की आता नवा ईसीएम टिकेल. आधीच घातला असता तर त्याच कॉइलने त्याचाही दोन नंबर जाळला असता आणि गाडी बंद पडायची ती पडतच राहिली असती.

दुरुस्तीबद्दल : फक्त ट्रान्झिस्टर जळला असता तर मी दुरुस्तीच सांगितली असती. चांगला कारागीर तेवढा पार्ट बदलतो, बोर्ड तुमचाच राहतो, चावीला हातही लावावा लागत नाही. पण तुमच्या बोर्डात पाणी गेलंय. हिरवं पडलेलं वरून पुसता येतं, पण बोर्ड थरांचा असतो आणि आतल्या थरात गंज कुठवर गेलाय ते दिसत नाही. रोज डबे न्यायच्या गाडीत असा बोर्ड ठेवू नका.

जुना घ्यायचा असेल तर स्टिकरवरचा पूर्ण नंबर जुळवा, शेवटच्या अक्षरासकट. एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मुंबईत बीएस-४ (गाडीच्या धुराच्या प्रदूषणाचा नियम) एप्रिल २०१० पासून लागू झालं, देशभर मात्र १ एप्रिल २०१७ पासून. त्यामुळे तुमच्याच वर्षाची, तशीच दिसणारी, पण दुसऱ्या भागात नोंदलेली गाडी बीएस-३ असू शकते. तिचा ईसीएम तुमच्या कपलरला बसेलही, पण आतला प्रोग्रॅम वेगळा. मिक्स्चर चुकेल, ऑक्सिजन सेन्सरचे कोड येतील, पीयूसीला अडकाल. आणि बिल घ्या, ज्या गाडीतून काढला तिच्या चेसिस नंबरसकट. बिल देत नसेल तर तिथून घेऊ नका.

पण बसवायच्या आधी पाणी कुठून आलं ते शोधा. ते राहिलं तर पुढच्या जुलैत परत इथेच याल.

चावी_प्रोग्रॅमिंग_दादर

चावीचं मी सांगतो, रोजचं काम आहे. चावीच्या प्लास्टिकमध्ये चिप असते आणि इग्निशन लॉकभोवती अँटेनाची रिंग. चावी फिरवली की चिपचा कोड वाचला जातो आणि ईसीएम तो ओळखीचा आहे का बघतो. दुसऱ्या गाडीचा ईसीएम तुमच्या चावीला ओळखत नाही. गाडी सेल्फ घेते पण चालू होत नाही, किंवा चालू होऊन लगेच बंद पडते, आणि चावीचा दिवा लुकलुकत राहतो. लोकांना वाटतं जुना माल खराब निघाला. माल चांगला असतो, ओळख नसते.

यावर दोन उपाय. शोरूमच्या मशीनने नवीन ईसीएमला तुमच्या चाव्यांची ओळख करून देणं. किंवा तुमच्या जुन्या बोर्डावरच्या मेमरीतला डेटा काढून दुसऱ्या ईसीएममध्ये उतरवणं. दुसऱ्यासाठी तुमचा जुना ईसीएम हातात लागतो, म्हणून एक्सचेंजमध्ये तो कुणालाही देऊ नका, दोनशे-पाचशे रुपये कमी करतो म्हणाला तरी.

शोरूमला जाताना दोन्ही चाव्या न्या. घरी राहिलेली चावी त्या दिवशी रजिस्टर झाली नाही तर नंतर गाडी तिने चालू होत नाही. आरसी आणि ओळखपत्रही लागतं, गाडी तुमचीच आहे याची खात्री ते करतात, आणि करायलाच हवी.

पोळीभाजी_भांडुप

सगळ्यांचे मनापासून आभार. नवाच घेतला. हिशोब साधा होता : जुन्या ईसीएमची किंमत, त्यावर डेटा उतरवण्याची मजुरी, आणि तो किती दिवस चालेल याची खात्री कुणाचीच नाही. गाडी महिनाभराने परत उभी राहिली तर भाड्याच्या टेम्पोतच तो फरक निघून जातो. स्टिकरचा फोटो आणि चेसिस नंबर देऊन ऑर्डर केली, दोन्ही चाव्या रजिस्टर करून घेतल्या. झटके गेले, पवईचा चढ गाडी पूर्ण भरलेली असतानाही घेते.

पाण्याचं कारणही सापडलं. आम्ही गाडी पिंपळाखाली लावतो. पुढच्या काचेखालच्या जाळीतून पानं आत जाऊन पाणी निघायचं भोक बुजलं होतं. तिथे साचलेलं पाणी वायरिंगच्या रबरी बुचातून आत यायचं आणि वायरीवरून ओघळत थेट ईसीएमच्या कपलरपर्यंत. बादलीभर पाणी ओतून बघितलं तेव्हा डॅशबोर्डखाली ओघळ डोळ्यांनी दिसला. भोक मोकळं केलं, बूच बदललं.

एक शंका आहे. पहिल्या दिवशी सिग्नलला उभी असताना आरपीएम वरखाली होत होता, गॅसवर जास्त. आता कमी आहे. काळजीचं आहे का?

ऑटोवायरमन_मुलुंड

नाही ताई. ईसीएम गाडी चालवत चालवत शिकतो : थ्रॉटल किती उघडा ठेवायचा, मिक्स्चरमध्ये किती कमी-जास्त करायचं. नव्याची पाटी कोरी असते. काही दिवस जास्त करून पेट्रोलवरच चालवा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, सिग्नलला एसी लावून, एसी बंद करून, दोन्ही तऱ्हेने उभी राहू द्या. मग स्कॅनरमध्ये लाँग टर्म फ्यूल ट्रिम (ईसीएम इंधन कायमचं किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) बघायला सांगा. पेट्रोलवर अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत आला की पेट्रोलची बाजू ठीक. त्यानंतर गॅसवर टाकून तोच आकडा बघा. गॅसवर तो बराच पुढे-मागे गेला तर किटवाल्याकडून लॅपटॉप लावून गॅसचं मॅप (कधी किती गॅस सोडायचा त्याचं कोष्टक) नव्याने करून घ्या. आधी पेट्रोल, मग गॅस. उलट केलं तर मॅप परत करावं लागतं.

ईसीएमकडे जाणाऱ्या वायरिंगला कपलरच्या आधी खाली एक झोळ द्यायला सांगा, म्हणजे चुकून पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी टपकेल, कपलरमध्ये जाणार नाही. झोळाची वायर पत्र्याला घासत नाही ना तेवढं बघा, क्लिप लावून घ्या.

आणि त्या गाडीवर कधी वेल्डिंग करायची वेळ आली, सायलेन्सरचं असो की मागच्या रॅकचं, तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून ईसीएमचे कपलर सोडवल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका. ड्रायव्हरलाही सांगून ठेवा, तुम्ही तिथे नसताना तोच गाडी घेऊन जाईल.

पोळीभाजी_भांडुप

रॅकचं वेल्डिंग पुढच्या आठवड्यात करायचंच होतं, बरं झालं सांगितलंत. जुना ईसीएम ठेवू की टाकून देऊ? एक जण १,५०० ला मागतोय.

चावी_प्रोग्रॅमिंग_दादर

ठेवा. तुमच्या चावीचा डेटा त्यात आहे. वर चेसिस नंबर लिहा, कोरड्या डब्यात घालून कपाटात ठेवून द्या.